गोष्ट सांगतंय कोण आणि बघतंय कोण?

उदाहरणासाठी एक घटना घेऊ. तालुक्याच्या गावातलं दुय्यम निबंधकाचं कार्यालय. दिवाळीला माहेरी आलेली सुमन, तिचा मोठा भाऊ प्रकाश, प्रकाशची बायको लता. आई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. दस्तलेखकानं हक्कसोडपत्र तयार ठेवलंय. साडेतीन एकर वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा सुमन भावाच्या नावे सोडते आहे. सही होते, अंगठा होतो, फोटो निघतो. प्रकाश सगळ्यांना चहा सांगतो. संपलं.

आता ही दोन वाक्यं वाचा:

दादानं कागद पुढे सरकवला. आई बाहेरच बसली होती.

आणि ही दोन:

ह्यांनी कागद पुढे सरकवला. आई बाहेरच बसल्या होत्या.

दोन्हींत 'मी' कुठेही नाही. 'सुमनला वाटलं' किंवा 'लतानं पाहिलं' असंही नाही. तरी पहिली जोडी सुमनच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि दुसरी लताच्या, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. 'दादा'चा 'ह्यांनी' झाला, 'बसली'ची 'बसल्या' झाली, आणि खोलीतला कॅमेरा नणंदेकडून भावजयीकडे गेला.

शाळेत प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी निवेदन असे दोन कप्पे शिकवले जातात आणि लिहायला बसलेला माणूस बहुधा तिथेच थांबतो: 'मी' लावू की 'ती'? हा प्रश्न खोटा नाही, पण अर्धा आहे. जेरार जनेत या फ्रेंच अभ्यासकानं १९७२ मध्ये दाखवून दिलं, की इथे दोन वेगळे प्रश्न एकात अडकलेले असतात. बोलतंय कोण, हा एक. बघतंय कोण, हा दुसरा. बोलणाऱ्याला आपण निवेदक म्हणू, आणि बघण्याच्या जागेला दृष्टिबिंदू. निवेदक कथेबाहेरचा, 'ती' 'तो' असं बोलणारा असू शकतो आणि तरीही तो सबंध वेळ सुमनच्याच डोळ्यांतून पाहत असतो. पहिला प्रश्न सर्वनामानं सुटतो. दुसरा मराठीत नात्याच्या शब्दांनी, आदरार्थी प्रत्ययांनी आणि सहायक क्रियापदांनी सुटतो, किंवा बिघडतो. म्हणून या लेखात जास्त जागा त्या बारक्या शब्दांना दिली आहे.

'मी' लिहिताना

'मी' सोपा वाटतो, कारण रोज बोलताना आपण तोच वापरतो. पण मराठीतला 'मी' तोंड उघडताच स्वतःविषयी बरंच सांगून टाकतो. 'मी उठले' म्हटलं की बाई, 'मी उठलो' म्हटलं की पुरुष. (कोल्हापूरकडच्या बायका बोलताना सहज 'मी आलो' म्हणतात. पात्र तिकडचं असेल तर हे ध्यानात ठेवा, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.) 'मी सही केली' या वाक्यात मात्र क्रियापद 'सही'मागे जातं, बोलणाऱ्यामागे नाही. 'मी जाईन', 'मी जात असे', 'मला वाटलं' यांतूनही लिंग कळत नाही. निवेदक बाई की पुरुष हे काही काळ झाकून ठेवायचं असेल, तर एवढ्या सामग्रीवर दोन-तीन पानं निघतात. त्यापुढे वाक्यं अवघडायला लागतात आणि काहीतरी लपवलं जातंय हे वाचकाला कळतं. लपवण्यामागे कथेची गरज नसेल तर पहिल्या परिच्छेदातच एक 'आले' किंवा 'गेलो' टाकून मोकळं व्हावं. नाहीतर वाचक लेखकाच्या नावावरून अंदाज बांधतो आणि चौथ्या पानावर तो चुकला की आधीचं सगळं त्याला मनात पुन्हा मांडावं लागतं.

'मी' निवडल्यावर पहिलं ठरवायचं ते अंतर. ज्या 'मी'नं सही केली ती आणि जी आज सांगते आहे ती, या दोन वेगळ्या बायका आहेत. मध्ये किती काळ गेला? एक रात्र, की अठरा वर्षं? हा आकडा गोष्टीत आला नाही तरी चालेल, लिहिणाऱ्याच्या कागदावर मात्र तो हवा. कारण त्यावर वाक्यं ठरतात.

जवळून: दादानं पेन दिलं. मी सही केली. पेन नवीन होतं, जरा जोरातच उमटलं.

लांबून: दादानं पेन दिलं. आधी वाचू दे म्हणावं, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या वाक्यात 'तेव्हा' आला आणि पुढचं सगळं माहीत असलेली बाई बोलायला लागली. दोन्ही चालतात. चालत नाही ती भेसळ. अठरा वर्षांनी सांगणारी सुमन वाटेल तिथे 'तेव्हा मला कुठे कळत होतं' म्हणते, पण दादानं ती जमीन पुढे विकली हे शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवते. वाचकाला तो धक्का वाटत नाही, फसवणूक वाटते. जिला माहीत आहे तिनं लपवलं तर का लपवलं याचं उत्तर गोष्टीत असलं पाहिजे. धक्काच द्यायचा असेल तर अंतर कमी करा. जिला माहीतच नाही, तिला लपवावं लागत नाही.

बाकीच्या चुका ठरावीक आहेत. 'माझा चेहरा पांढराफटक पडला' हे 'मी'ला आरशाशिवाय दिसत नाही. तोंड कोरडं पडलं, बोटं गार पडली, हे कळतं. 'मी' हजर नाही तिथली घटना सांगायची म्हणून त्याला दाराआड उभं करणं ही दुसरी. एकदा खपतं, दुसऱ्यांदा वाचक हसतो. त्यापेक्षा ती घटना कुणाच्या तरी तोंडून येऊ द्यावी, आणि ती सांगणाराही थोडं गाळून सांगतो हे लक्षात ठेवावं. तिसरी चूक सगळ्यांत जास्त आढळते: 'मला दिसलं की', 'मला ऐकू आलं की', 'माझ्या लक्षात आलं की'. निवेदक 'मी' आहे म्हटल्यावर जे लिहिलंय ते त्यानंच पाहिलेलं असणार. 'मला दिसलं की वहिनी खिडकीपाशी उभी आहे' याऐवजी 'वहिनी खिडकीपाशी उभी होती'. पहिला खर्डा झाला की असे 'की' शोधून पाहावेत. दहांतले सात-आठ सहज जातात. उरलेले ठेवा, कारण तिथे दिसण्यालाच महत्त्व असतं.

'ती' आणि तिचे डोळे

तृतीयपुरुषी, पण एकाच पात्राला चिकटून चालणारं निवेदन. आजच्या कथा-कादंबऱ्यांत हेच जास्त दिसतं. निवेदक सुमनच्या खांद्यावर बसलेला असतो: तिला जेवढं दिसतं, कळतं, तेवढंच त्याला. हे साधण्यासाठी दर दोन ओळींनी 'सुमनच्या मनात आलं' लिहायची गरज नाही. मराठी त्यासाठी बरीच चांगली अवजारं देते.

पहिलं, नाती. सुमनच्या दृष्टीतून चाललेल्या परिच्छेदात प्रकाश 'दादा' असतो, लता 'वहिनी'. मध्येच 'प्रकाशनं चहा सांगितला' असं आलं की निवेदक खांद्यावरून उतरून खोलीच्या कोपऱ्यात उभा राहतो. कधी ते मुद्दाम करायचं असतं. सही झाल्यानंतरच्या ओळीत 'दादा'चा 'प्रकाश' झाला, तर सुमनच्या मनात काय तुटलं ते वेगळं लिहावं लागत नाही. पण ती युक्ती एकदाच कामी येते आणि तिच्याआधी वीस वेळा 'दादा' न चुकता आलेलं असावं लागतं. सुरुवातीपासून कधी दादा, कधी प्रकाश, कधी 'तिचा भाऊ' असं विविधतेसाठी फिरवत राहिलात, तर एकविसाव्या वेळी बदल कुणाच्या लक्षातही येत नाही. शब्दांची पुनरुक्ती टाळा हा शाळेतला सल्ला नावांना लावू नये.

लताची बाजू आणखी गमतीची. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईच्या दृष्टीतून लिहिताना निवेदनातही 'प्रकाश' येणार नाही. 'हे', 'ह्यांनी', 'ह्यांना' येईल. एका सर्वनामात नातं, पिढी आणि घरातली रीत येते. लता तिशीची, शहरात नोकरी केलेली असेल तर मात्र ती 'प्रकाश'च म्हणेल, मग 'ह्यांनी' लिहिणं खोटं ठरेल. म्हणजे दृष्टिबिंदू ठरवण्याआधी पात्र घरात कुणाला काय हाक मारतं याची यादी करावी. चार पात्रं असतील तर प्रत्येकाची इतर तिघांना, अशा बारा हाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढची पन्नास पानं त्यावर उभी राहतात.

दुसरं, आदरार्थी अनेकवचन. 'आई आली' लेकीचं, 'आई आल्या' सुनेचं. 'साहेब आले' कारकुनाचं, 'साहेब आला' कारकून चहाच्या टपरीवर मित्रांशी बोलतो तेव्हाचं. क्रियापदाचा शेवट बदलला की बघणाराही बदलतो. निवेदकानं सगळ्यांनाच 'आले' किंवा सगळ्यांनाच 'आला' लावून टाकलं, तर हे हत्यार हातातून जातं.

तिसरं, येणं आणि जाणं. 'दादा आत आला' म्हणजे बघणारं माणूस आत आहे. 'दादा आत गेला' म्हणजे बाहेर. आपण व्हरांड्यातल्या आईजवळ आहोत असं ठरवून लिहितो आणि नकळत 'प्रकाश कार्यालयात आला' लिहून जातो. इथून घुसलेली चूक सहसा संपादकाच्या नजरेतूनही सुटते, वाचकाला मात्र काहीतरी सरकल्यासारखं होतं.

चौथं, 'हा' आणि 'तो', 'आता' आणि 'तेव्हा', 'उद्या' आणि 'दुसऱ्या दिवशी'. 'दुसऱ्या दिवशी सुमन परत जाणार होती' हे बाहेरच्या निवेदकाचं. 'उद्या परत जायचं होतं' हे सुमनचं, जरी निवेदन भूतकाळात आणि तृतीयपुरुषी असलं तरी. 'उद्या' आणि 'होतं' एका वाक्यात बसतात का, अशी शंका काहींना येते. मराठीत ते अगदी आरामात बसतात.

पाचवं अवजार माझ्या मते सगळ्यांत धारदार आहे, आणि लिहिणारे त्याच्याकडे कमी लक्ष देतात: मुख्य क्रियापदाला लागणारं दुसरं क्रियापद.

सुमननं सही केली.
सुमननं सही करून टाकली.
सुमननं सही करून दिली.
दादानं सही करून घेतली.
सुमन सही करून बसली.

घटना एकच. पहिलं वाक्य कोरं. 'टाकली'त सुटल्याचा भाव आहे, एकदाचं उरकलं. 'दिली'त दुसऱ्यासाठी केल्याचा, थोडा उपकाराचाही. 'घेतली'त काम भावाचं होतं आणि ते त्यानं साधलं. 'बसली' म्हणजे नको ते होऊन गेलं, आता काय उपयोग. इथे विचारायचं ते असं: हा भाव कुणाचा? 'करून बसली' हे त्या क्षणीच्या सुमनचं असूच शकत नाही, कारण ती अजून पस्तावलेली नाही. ते नंतरच्या सुमनचं, किंवा तिच्या नवऱ्याचं, किंवा सगळं जाणणाऱ्या निवेदकाचं. त्या क्षणाला चिकटून लिहिताना 'बसली' आलं तर दृष्टिबिंदू फुटला.

भावनांचंही तसंच. 'तिला राग आला' आतून. 'ती रागावली' आतून किंवा बाहेरून. 'ती रागावलेली दिसत होती' किंवा 'ती रागावली असावी' बाहेरून. सुमनच्या दृष्टीतून लिहिताना वहिनीला 'राग आला' असं ठामपणे लिहिता येत नाही; तिनं कप जरा जोरात ठेवला, एवढंच लिहिता येतं. आणि 'म्हणे'! 'सुमननं स्वतःहून सही केली म्हणे.' एका शब्दात निवेदक जबाबदारीतून बाजूला झाला आणि गावची तोंडं आत आली.

बोलणं आणि मनातलं बोलणं

इंग्रजी वाचून लिहायला शिकलेल्यांची इथे गफलत होते. मराठीत 'की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द बहुधा जसेच्या तसे येतात, काळही तोच आणि पुरुषही तोच: दादा म्हणाला, की मी सगळं बघतो, तू फक्त ये. 'मी' दादा, 'तू' सुमन. पण निवेदकही 'मी' असेल तर गोंधळ होतो. 'दादा म्हणाला की मी वाचलेलं नाही.' वाचलेलं नाही कुणी? अशा ठिकाणी अवतरणचिन्हं घाला किंवा वाक्य मोडा. 'दादाच्या म्हणण्याप्रमाणे मी काही वाचलंच नव्हतं' असं केलं तर संशयाला जागा राहत नाही.

उलट, हेच वैशिष्ट्य एका गोष्टीत मदतीला येतं. पात्राचा विचार अवतरणचिन्हांशिवाय, 'असं तिला वाटलं'शिवाय, थेट निवेदनात मिसळायचा असतो तेव्हा:

वहिनीनं चहाचा कप पुढे केला. साखर जास्त. दर वेळी जास्त. एकदा सही झाली की सुटलं सगळं, मग येईल कोण इथे साखर सांगायला.

शेवटचं वाक्य निवेदकाचं की सुमनचं? दोघांचं. असं मिसळायला तीन गोष्टी लागतात. आधी एखादं बाहेरचं, दिसणारं वाक्य (कप). मग पात्राच्या बोलण्याची ढब असलेला तुकडा, अर्धवट वाक्य चालतं. आणि काळ पात्राचा ठेवायचा, निवेदकाचा नाही ('येईल', 'आली असती' नव्हे). जमत नाही ते बहुधा यामुळे, की मिसळलेलं वाक्य निवेदकाच्याच पुस्तकी भाषेत राहतं: 'यापुढे आपण येथे येणार नाही याची तिला जाणीव होती.' यात सुमनचा आवाज कुठेच नाही.

सगळं जाणणारा

मराठी माणसाला हा निवेदक नवा नाही. आटपाट नगरापासून साठा उत्तरांच्या कहाणीपर्यंत तोच सांगत आलाय, आणि कीर्तनात तर तो समोर उभा असतो: मध्येच थांबतो, श्रोत्यांना विचारतो, पात्राला शहाणपण शिकवतो, पुन्हा कथेत जातो. लोक म्हणतात की सर्वज्ञ निवेदन जुनं झालं. जुनं झालं ते बिनआवाजाचं सर्वज्ञ निवेदन. ज्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं त्याला स्वतःचं मत आणि स्वभावही हवा, नाहीतर तो कुणीच नसतो आणि मग हे असं होतं:

सुमनला गुदमरल्यासारखं झालं. ही आता रडणार की काय, अशी प्रकाशला भीती वाटली. लता मनातल्या मनात चहाचे कप मोजत होती. दस्तलेखकाला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई होती.

चार वाक्यांत चार डोकी. यातून नुकसान काय होतं? दादाच्या मनात काय आहे हे सुमनला कळत नाही, यातच प्रसंगाचा ताण होता. प्रकाशच्या मनातलं सांगितलं आणि ताण गेला. एका डोक्यात राहून लिहिलं तर:

सुमनला गुदमरल्यासारखं झालं. दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. वहिनीची बोटं पदराशी चाळवत होती, एक, दोन, तीन, चार. दस्तलेखकानं भिंतीवरच्या घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिलं.

माहिती जवळजवळ तीच, पण आता ती वाचक जुळवतो. आणि खरोखर सर्वज्ञच हवा असेल तर त्याला पहिल्या वाक्यापासून बोलू द्या: 'त्या खोलीत चार माणसं होती आणि चौघांना घाई होती, गंमत एवढीच, की चौघांची घाई एकमेकांना माहीत नव्हती.' हे वाचल्यावर कुठल्याही डोक्यात शिरायची परवानगी मिळते, कारण वर कुणीतरी बसलंय हे कळलं. दोन डोक्यांमध्ये जाताना मध्ये एक बाहेरची वस्तू ठेवली तर उडी जाणवत नाही: सुमनच्या मनातून पेनवर, पेनवरून ते धरलेल्या प्रकाशच्या हातावर, मग प्रकाशच्या मनात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कुणाच्याच मनात न शिरणारं निवेदन. फक्त दिसतं आणि ऐकू येतं तेवढं. प्रकाशनं टोपण काढून पेन पुढे धरलं. "कुठं?" "इथं. आणि मागच्या पानावर." लतानं पर्समधून रुमाल काढून अंगठ्याची शाई पुसायला दिला. यात 'रागानं', 'नाइलाजानं', 'मायेनं' असे शब्द चोरून आले की खेळ संपला. छोट्या कथेला हे शोभतं. कादंबरीभर टिकवणं फार कठीण.

'तू'वाली निवेदनं थोडक्यात: एखाद-दोन पानांचा तुकडा झकास होतो, मग वाचक कंटाळतो. त्यापेक्षा 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक वापरून पाहावा. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा सोडून, 'आपण' म्हणजे त्याला धरून. सगळं गाव निवेदक असलेली गोष्ट 'आम्ही सगळं पाहत होतो' अशी सुरू होऊन 'आपण काय बोलणार' अशी संपली, तर वाचक कधी गावात ओढला गेला हे त्यालाही कळत नाही.

ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही

वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ मध्ये अशा निवेदकाला नाव दिलं, आणि तेव्हापासून त्याची फॅशनच झाली. पण असा निवेदक खोटं बोलणारा असावा लागत नाही. बहुतेक वेळा तो खरंच बोलतो, फक्त हिशेब चुकीचा करतो. प्रकाशला बोलू द्या:

सुमीला मी काही कमी केलं नाही. तिचं लग्न मीच लावलं, बाबा तेव्हा अंथरुणाला होते. दर दिवाळीला साडी. यंदा तर दोन घेतल्या. वकील म्हणाले बहिणीची सही लागतेच आता, पूर्वीसारखं नाही राहिलं. मी तिला बोटानं जागा दाखवली. वाचायचं म्हणाली असती तर वाचून दाखवलं असतं. पण साडेबाराला साहेब जेवायला उठतो.

यातला एकही शब्द खोटा नाही. पण 'यंदा तर दोन' वाचकानं ऐकलं. 'आता सही लागतेच' हेही ऐकलं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हिस्सा देणारी सुधारणा महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला झाली, हे प्रकाशला वकिलाकडून कळलंय आणि सुमनपर्यंत पोचलेलं नाही. कृती तीच: निवेदकाच्या तोंडी मोजता येण्याजोगे तपशील द्यायचे (दोन साड्या, साडेबारा) आणि त्यांची बेरीज वाचकावर सोडायची. निवेदकाकडून बेरीज करून घेतली की तो एकदम शहाणा होतो. आणि तपशील कमी दिले तर वाचक त्याच्यावर भाबडेपणानं विश्वास ठेवून मोकळा होतो. एका पानात असे तीन-चार पुरतात.

एकाच गोष्टीला अनेक 'मी' लावण्याची वाट मराठीत मळलेली आहे. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) निवेदक सहा आहेत आणि शेवटचा भाग कृष्णाकडे जातो. त्यातलं एक कारण साधं, कारागिराचं आहे: कर्ण 'मी' म्हणून स्वतःच्या मरणानंतरचं सांगू शकत नाही, कुणीतरी मागे उरलेला लागतो. ही रचना फसते ती आवाज सारखे झाल्यामुळे. तपासणी सोपी आहे. प्रत्येक निवेदकाचा एक परिच्छेद नाव झाकून दुसऱ्याला वाचायला द्यावा. ओळखता आला नाही, तर शब्दसंग्रह बदलण्याआधी लक्ष बदलावं. कोण काय मोजतं? लता कप मोजते, दस्तलेखक पानं आणि फी, प्रकाश वेळ. सुमन बहुतेक काहीच मोजत नाही, आणि तेच तिचं वैशिष्ट्य ठरू शकतं. बोलीभाषेचे चार शब्द पेरून आवाज वेगळा होत नाही. कुणाला काय दिसतच नाही, यानं होतो.

निवडायचं कसं, तपासायचं कसं

एका कागदावर पात्रांची नावं उभी लिहा आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि या प्रसंगात याचं काय जाणार आहे. ज्याचं सगळ्यांत जास्त जाणार आणि ज्याला सगळ्यांत कमी माहीत, ते पात्र एकच असेल तर दृष्टिबिंदू तिथे ठेवल्यास उत्कंठा मिळते. या घटनेत ती सुमन. सगळं माहीत असून स्वतःला पटवणारं पात्र घेतलं तर उपरोध मिळतो. तो प्रकाश. ज्याचं काहीच जाणार नाही त्याचा, म्हणजे दस्तलेखकाचा दृष्टिबिंदू घेतला, तर दिवसातल्या अकरा दस्तांपैकी हा सातवा होतो. तो कोरडेपणाही कधी कधी अंगावर येतो, पण लांबीला पुरत नाही.

ठरत नसेल तर दीडशे शब्दांचा तोच प्रसंग तिघांच्या दृष्टीतून लिहून काढा. तासाभराचं काम. जिथे वाक्यं आपोआप लांबतात तिथे थांबा.

खर्डा झाल्यावर तीन रंगांची पेन्सिल घ्या. मनातलं एका रंगात, दिसणारं दुसऱ्यात, निवेदकाचं मत तिसऱ्यात अधोरेखित करा. एका प्रसंगात मनातल्याच्या रंगाखाली दोन माणसं सापडली, की उडी झालेली आहे. मग सगळं मोठ्यानं वाचा आणि फक्त नाती आणि क्रियापदांचे शेवट ऐका. दादा, दादा, दादा, प्रकाश? आली, आली, आल्या? कान हे डोळ्यांआधी पकडतो.

या सगळ्यात एक जण राहिली. व्हरांड्यातली आई. माहितीचा रकाना भरायला घेतला तर तिचा सगळ्यांत भरलेला निघतो: जमीन कशी आली, लग्नाला कर्ज किती झालं, वकील घरी किती वेळा आला. म्हणूनच तिच्या मनात शिरायचा मोह होतो, आणि बहुतेकदा तिथेच गोष्ट मरते, कारण ती सगळं एका परिच्छेदात सांगून टाकू शकते. तिला बंद ठेवून बघा. ती सुमनला जेवढी दिसते तेवढीच. चहा बाहेर येतो, आई कप घेते, बशीत ओततो तसा ओतते, आणि फुंकर मारत राहते, चहा निवून गेल्यावरही.